टाळलेल्या वाटेवर पुन्हा : चिंताविकार आणि त्यांवरच्या उपचारांची ओळख

रात्री साडेअकराच्या सुमारास पस्तिशीतल्या एका माणसाला घरचे लोक रिक्षात घालून जवळच्या हॉस्पिटलात आणतात. छाती धडधडते आहे, श्वास पुरत नाही, हातापायांना मुंग्या आल्या आहेत, शर्ट घामाने भिजला आहे आणि 'आता मी काही वाचत नाही' एवढेच तो पुन्हापुन्हा म्हणतो आहे. कॅज्युअल्टीतले डॉक्टर ईसीजी काढतात, रक्तदाब बघतात, रक्त तपासायला पाठवतात. तासाभरात धडधड ओसरते, तपासण्याही नॉर्मल येतात. "काही नाही, टेन्शन घेऊ नका," असे सांगून त्याला घरी पाठवले जाते. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. त्याचा मात्र टांगणीलाच राहतो. आपल्याला काहीतरी झाले होते हे त्याने स्वतः भोगलेले असते, आणि 'काही नाही' या शब्दांनी त्याचे समाधान होत नाही. पुढच्या महिन्याभरात तो आणखी दोन डॉक्टर गाठतो, टू-डी एको करून घेतो, छातीत गॅस चढतो म्हणून त्याचीही औषधे घेतो आणि हळूहळू लोकलने जाणे सोडून देतो.

हृदय ठणठणीत आहे ही चांगलीच बातमी आहे, पण ती अर्धी आहे. उरलेली अर्धी त्याला कोणी सांगितलेलीच नसते. त्याला जे झाले त्याला पॅनिक अ‍ॅटॅक म्हणतात, तो कसा येतो हे बऱ्याच अंशी उलगडलेले आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. ही उरलेली बातमी मराठी वाचकापर्यंत नीट, सविस्तर पोहोचावी यासाठी हे पुस्तक आहे.

गरज किती मोठी आहे ते आधी पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे ३० कोटी १० लाख लोकांना कुठला ना कुठला चिंताविकार होता. मानसिक आजारांमध्ये एवढे मोठे प्रमाण दुसऱ्या कुठल्याच आजाराचे नाही. त्यांपैकी काहीतरी उपचार मिळणारे लोक चारांत एकाच्या आसपास. म्हणजे ज्या आजारांवर उपलब्ध असलेल्या उपचारांचा गुण चांगला येतो, त्यांचेच बहुसंख्य रुग्ण उपचारांविना दिवस काढत आहेत. आपल्याकडे तर यातले पुष्कळ जण मनाची तक्रार घेऊन येतच नाहीत. ते छातीत दुखते, पोटात गोळा येतो, चक्कर येते, अंगात त्राण नाही, झोप लागत नाही असे सांगत फॅमिली डॉक्टरांकडे वर्षानुवर्षे खेपा घालत राहतात.

चिंता वाटणे हा आजार नाही. बारावीच्या निकालाच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा न लागणे, आईचे ऑपरेशन चालू असताना बाहेर येरझाऱ्या घालणे, मुलगी रात्री उशिरापर्यंत घरी आली नाही की जिवाची घालमेल होणे, हे माणूसपणाचे भाग आहेत. संकटाची चाहूल लागली की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते, हे अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या आपल्या ग्रंथात मांडले. अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात उतरते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते, श्वास जलद होतो, पचनाचे काम मागे पडते. समोर साप असेल तर यातली प्रत्येक गोष्ट उपयोगाची. समोर साप नसताना, बँकेच्या रांगेत किंवा लोकलच्या डब्यात, ही सगळी तयारी झाली की गोंधळ उडतो. पळायचे कुठे, लढायचे कोणाशी?

श्वास गरजेपेक्षा जलद झाला की रक्तातला कार्बन डाय ऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे हातापायांना मुंग्या येतात, डोके हलके होते, आजूबाजूचे सगळे खोटे, दूरचे वाटू लागते. या लक्षणांनी जिवाला धोका होत नाही. पण ज्याला हे माहीत नाही तो त्यांचा अर्थ 'हार्ट अ‍ॅटॅक' असा लावतो, त्या अर्थाने आणखी घाबरतो, घाबरल्यामुळे ठोके आणखी वाढतात आणि वाढलेले ठोके त्याची खात्रीच पटवतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली पॅनिकचे हे दुष्टचक्र स्पष्ट केले. आपल्याला नेमके काय झाले होते, हे एवढ्या समजुतीनेच कितीतरी जणांच्या प्रथम लक्षात येते.

चक्र एकदा सुरू झाले तरी ते वर्षानुवर्षे चालू का राहते, हा खरा प्रश्न आहे आणि या पुस्तकाचा गाभा त्याच्या उत्तरात आहे. आपला रुग्ण डोंबिवलीहून दादरला नोकरीला जाणारा आहे असे धरू. हॉस्पिटलातल्या त्या रात्रीनंतर आठवड्याने त्याला जलद लोकलमध्ये तीच धडधड जाणवते. ठाण्याला गर्दी रेटून तो कसाबसा उतरतो, फलाटावरच्या बाकावर बसतो आणि पाच मिनिटांत त्याला बरे वाटते. या पाच मिनिटांत त्याचे मन एक धडा शिकते : उतरलो म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी तो धीम्या गाडीने जातो. मग फक्त दाराशी उभा राहतो. मग घरूनच उशिरा निघतो. मग वरिष्ठांकडे घरून काम मागतो. प्रत्येक वेळी मिळालेली सुटका खरी असते, आणि तीच भीतीला खतपाणी घालते. गाडीत बसून राहिलो असतो तर धडधड आपोआप उतरली असती, हे कळण्याची संधीच त्याला मिळत नाही. १९४७ साली मानसशास्त्रज्ञ ऑर्व्हल मॉवरर यांनी भीती शिकली जाते कशी आणि टाळण्याने ती टिकते कशी, या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. पुढच्या बहुतेक परिणामकारक उपचारांचा पाया तिथे आहे.

टाळाटाळ दरवेळी उघड दिसत नाही. आपल्या माणसाच्या बॅगेत पाण्याची बाटली असते. ती विसरली तर तो कोपऱ्यावरून परत फिरतो. पाकिटात झोपेच्या गोळीची एक पट्टी असते. तिच्यातली एकही गोळी त्याने कित्येक महिन्यांत घेतलेली नसते, मागची चंदेरी पन्नी झिजून तिच्यावरची मुदतीची तारीख पुसली गेलेली असते, तरी पट्टी खिशात आहे ना हे तो दर स्टेशनाला चाचपून बघतो. प्रवास सुखरूप झाला तर श्रेय गोळीला मिळते, त्याला स्वतःला कधीच नाही. घरच्यांची मायाही नकळत याच बाजूने काम करते. "राहू दे आज, नको जाऊस. बाजारातलं मी आणते, बिल मी भरते," असे बायको म्हणते ते प्रेमापोटीच. आई तर फोनवर दर तासाला विचारते, "आता बरं वाटतंय ना रे?" यात दोष कोणाचाच नाही. पण घरातल्या प्रत्येकाने त्याची एकेक जबाबदारी उचलली की त्याचे जग एकेका खोलीएवढे लहान होत जाते. म्हणून या पुस्तकात कुटुंबीयांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते रुग्णाने व घरच्यांनी एकत्र बसून वाचावे अशी माझी विनंती आहे.

चिंताविकारांची रूपे वेगवेगळी आहेत. १९८० सालच्या अमेरिकन वर्गीकरणाने पूर्वीच्या एकाच ढोबळ 'चिंताग्रस्त मनोविकृती'तून पॅनिक आणि सार्वत्रिक चिंताविकार वेगळे काढले. सार्वत्रिक चिंताविकारात झटका येत नाही. मुलांचे शिक्षण, नोकरी, तब्येत, पैसा अशा एका विषयावरून दुसऱ्यावर घोर सरकत राहतो आणि किमान सहा महिने बहुतेक दिवस तो मनाला सोडत नाही. इथली टाळाटाळ मनातल्या मनात चालते. अनिश्चितता सहन होत नाही म्हणून माणूस सतत 'असे झाले तर?' याची उत्तरे शोधत राहतो, आणि प्रत्येक उत्तरातून नवा प्रश्न फुटतो. सामाजिक चिंताविकारात चार लोकांसमोर आपली फजिती होईल या धास्तीने माणूस मीटिंगमध्ये बोलत नाही, लग्नाच्या पंगतीला जात नाही, हात थरथरेल म्हणून कोणासमोर सही करत नाही. कुत्रा, उंची, इंजेक्शन, लिफ्ट अशा एकेका गोष्टीपुरत्या मर्यादित भीत्याही असतात. मंत्रचळ आणि आघातानंतरचा ताणविकार पूर्वी याच गटात मोडत. २०१३ पासून त्यांची मांडणी स्वतंत्रपणे केली जाते, तरी त्यांच्या उपचारांचे या उपचारांशी जवळचे नाते आहे.

उपचारांचा इतिहास मला एका लहान मुलापासून सांगावासा वाटतो. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलावरचा उपचार प्रसिद्ध केला. तो सशाला घाबरत असे. पांढरा उंदीर, केसाळ कोट, पिसे, कापूस यांनाही. जोन्सबाईंनी त्याला समजावत बसण्यापेक्षा वेगळा मार्ग धरला. सशाला न घाबरणाऱ्या मुलांमध्ये त्याला खेळायला ठेवले. तो खुर्चीवर बसून आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दूरच्या टोकाला आणला, मग थोडा जवळ, मग आणखी जवळ. पीटरची सहनशक्ती किती वाढली याच्या पायऱ्या त्यांनी लिहून ठेवल्या. पिंजऱ्यातला ससा खोलीत कुठेही असला तरी भीती वाटते, ही पहिली. ससा बोटे कुरतडतो तेही चालते, ही शेवटची. मधे पीटर आजारी पडून हॉस्पिटलात राहिला, परतताना एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर आला आणि भीती पुन्हा उसळली. जोन्सबाईंनी उपचार पुन्हा सुरू केले आणि तो पुन्हा बरा झाला. आजच्या उपचारातली जवळजवळ प्रत्येक महत्त्वाची गोष्ट या एका नोंदीत आहे : पायऱ्या, सोबत, सराव, आणि घसरण झाली तरी पुन्हा सुरुवात.

दक्षिण आफ्रिकेतले मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या आपल्या पुस्तकात या पद्धतीला शिस्तबद्ध रूप दिले. स्नायू शिथिल करायचे आणि त्या अवस्थेत भीतीच्या प्रसंगांची यादी सौम्यापासून तीव्रापर्यंत एकेक करून डोळ्यांसमोर आणायची. पुढे असे दिसले, की शिथिलीकरण नसले तरी गुण येतो. काम करते ती भीतीशी होणारी सामोरासमोर भेट.

दुसरा प्रवाह विचारांचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायला विलक्षण घाबरत. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जायचे आणि बाकावर एकटी बसलेली दिसेल त्या प्रत्येक स्त्रीशी बोलायचे, असे त्यांनी ठरवले. शंभरेक जणींशी ते बोलले. भेटायला यायचे कबूल केले ते एकीनेच, आणि तीही आली नाही. पण नकारांनी आभाळ कोसळत नाही हे त्यांना पक्के कळले आणि भीती गेली. १९५५ च्या सुमारास त्यांनी जी उपचारपद्धती उभी केली, तिचा आधार हाच होता, की प्रसंगापेक्षा प्रसंगाविषयीचे हट्टी, अविवेकी समज माणसाला जास्त छळतात. मराठीत ही पद्धत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाते. किशोर फडके यांनी एलिस यांच्याशी प्रदीर्घ पत्रव्यवहार करून ती आपल्याकडे रुजवली आणि मराठीतून लोकांपर्यंत नेली. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेने तिचा उपयोग रोजच्या कामात केला. त्यामुळे मराठी वाचकाला हा विचार परका नाही. एलिस यांच्यानंतर थोड्याच वर्षांनी फिलाडेल्फियात आरन बेक यांनी रुग्णाच्या मनात आपोआप उमटणारे विचार कागदावर उतरवून ते अनुभवाच्या कसोटीवर घासायची रीत घडवली. वर्तनाचा आणि विचारांचा असे हे दोन प्रवाह एकत्र येऊन आजचा सीबीटी, म्हणजे बोधात्मक वर्तनोपचार, तयार झाला. चिंताविकारांवरच्या मानसोपचारांत सर्वांत जास्त तपासला गेलेला उपचार हाच आहे.

आपल्या डोंबिवलीकराचा उपचार साधारण बारा ते सोळा बैठकांचा असेल. पहिल्या एकदोन बैठकांत दुष्टचक्र त्याच्याच अनुभवातून कागदावर काढले जाईल. मग थेरपिस्टच्या खोलीत तो मुद्दाम मिनिटभर जलद श्वास घेईल, फिरत्या खुर्चीत गोल फिरेल, जिना धावत चढेल आणि पॅनिकची लक्षणे स्वतः निर्माण करता येतात व ती आपोआप विरतात हे अनुभवेल. (हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचे नसते.) त्यानंतर पायऱ्या : फलाटावर उभे राहून गाड्या बघणे, दुपारच्या रिकाम्या धीम्या गाडीने कोपरपर्यंत एकच स्टेशन, ठाण्यापर्यंत, बायको दुसऱ्या डब्यात, मग एकट्याने, मग दुपारच्या जलद गाडीने दादर, मग तीच गाडी, पण गोळीची पट्टी घरी ठेवून, आणि शेवटी सकाळची गर्दी. प्रत्येक पायरीआधी तो वहीत लिहील, 'दिवा यायच्या आत मी बेशुद्ध पडेन, खात्री ऐंशी टक्के.' उतरल्यावर त्याच पानावर लिहील, प्रत्यक्षात काय झाले. धडधड झाली, घाम आला, बेशुद्ध पडलो नाही. अशी वीस पाने भरली, की त्याच्याजवळ त्याच्याच हस्ताक्षरातला पुरावा जमा होतो. 'मन घट्ट कर' हा सल्ला त्याने हजारदा ऐकलेला असतो. तो कसा अमलात आणायचा हे मात्र या वहीत प्रथमच शिकायला मिळते.

जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवे शिकणे बसते, असे आताचे संशोधन सांगते. त्यामुळे ताणाच्या काळात ती पुन्हा डोके वर काढू शकते, आणि तेव्हा काय करायचे याची तयारी उपचारातच करून घेतली जाते. सार्वत्रिक चिंतेसाठी रोजची ठरलेली अर्ध्या तासाची 'काळजीची वेळ', अनिश्चितता जाणूनबुजून सोसण्याचे छोटे प्रयोग; सामाजिक चिंतेसाठी स्वतःवर खिळलेले लक्ष समोरच्या माणसाकडे वळवण्याचा सराव, अशी प्रत्येक विकाराची साधने वेगळी आहेत. १९७९ पासून जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेत रुजवलेला सजगतेचा कार्यक्रम आणि स्टीव्हन हेज यांचा स्वीकार व बांधिलकीचा उपचार यांचाही परिचय पुढे येतो. दीर्घश्वसनाबद्दल मात्र एक सावधगिरी. रोजच्या सरावात ते चांगले. पण धडधड सुरू झाली की ती दाबण्यासाठीच ते वापरले, तर तेही पाकिटातल्या गोळीसारखे होऊन बसते.

औषधांविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात, आणि दोन्हींनी नुकसान होते. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन यांसारखी एसएसआरआय गटातली औषधे चिंताविकारांवर पहिल्या पसंतीची मानली जातात. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीला अस्वस्थता वाढू शकते म्हणून मात्रा कमी ठेवतात, आणि बरे वाटल्यावरही ती काही महिने चालू ठेवून मग टप्प्याटप्प्याने कमी करतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून ती सोडणारे आणि महिन्याभरात बरे वाटले म्हणून परस्पर बंद करणारे, दोघेही पुन्हा मूळ पदावर येतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही औषधे वेगळी. १९६० च्या दशकाच्या आरंभी या गटातली पहिली औषधे बाजारात आली. ती अर्ध्याएक तासात शांत करतात, पण रोज घेतली तर शरीराला त्यांची सवय लागते. म्हणून ती थोड्या काळापुरतीच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची, आणि दीर्घकाळ घेतलेली असतील तर एकदम कधीच बंद करायची नाहीत. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतात त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. हातपाय मारायला येईपर्यंत तो तारून धरतो आणि शिकवणाऱ्याच्या सांगण्यावरून सोडला जातो. औषधाकडे असे पाहिले तर त्याची भीती वाटणार नाही आणि हातपाय मारणेही थांबणार नाही. औषध सुरू करण्याआधी थायरॉइड, रक्तक्षय, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आणि चहा-कॉफीचा अतिरेक यांची तपासणी मात्र व्हायलाच हवी, कारण त्यांचीही लक्षणे अशीच दिसतात.

'हे सगळे शहरातल्या पैसेवाल्यांसाठी' असे कोणी म्हणाले तर मी त्यांना गोव्याकडे बोट दाखवीन. तिथे संगत या संस्थेने सरकारी आणि खासगी प्राथमिक दवाखान्यांत एक मोठा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांशी बोलायला मानसशास्त्राची पदवी नसलेले स्थानिक लोक प्रशिक्षण देऊन नेमले होते. आजार समजावून सांगणे, श्वासाचे व्यायाम, नात्यांतल्या अडचणींवर बोलणे हे त्यांचे काम. गरज पडली तर डॉक्टर औषध देत आणि मनोविकारतज्ज्ञ मार्गदर्शनाला असत. सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांत या मदतीमुळे शंभरांतले सुमारे ६६ रुग्ण बरे झालेले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत सुमारे ४३. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. ज्या सरकारी केंद्रात डॉक्टरांना एका रुग्णासाठी दोन मिनिटेही मिळत नाहीत, तिथेच या मदतीने सर्वांत मोठा पल्ला गाठला. प्रशिक्षित माणूस, ठरलेली पद्धत आणि पुरेसा वेळ एवढे आपल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळायला हवे, आणि ते मागणे हा आपला हक्क आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवांमधून मानसिक उपचार मिळवण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही.

उपचार करणारा निवडताना संकोच करू नये. औषध लागेल असे वाटत असेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. मानसोपचारासाठी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडे जावे, आणि त्यांचे शिक्षण कोणते, नोंदणी आहे का, साधारण किती बैठका लागतील, दोन बैठकांच्या मधे मला घरी काय करावे लागेल, हे सरळ विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर विशेष लक्ष देऊन ऐकावे. चिंतेचा उपचार खोलीत शिकायचा आणि रस्त्यावर करायचा असतो. महिनोन्‌महिने केवळ बोलणे चालले आहे आणि टाळलेल्या गोष्टींपैकी एकही परत सुरू झालेली नाही, असे दिसले तर तसे थेरपिस्टला सांगावे. जगणेच नको असे विचार येत असतील तर हे पुस्तक बाजूला ठेवून आधी कोणाला तरी सांगावे आणि त्याच दिवशी मदत घ्यावी.

पुढची प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. आपल्या त्रासाचे प्रकरण आधी वाचले तरी चालेल. फक्त वाचताना जवळ वही असू द्या. पहिल्या पानावर, भीतीपायी गेल्या वर्षभरात काय काय सोडून दिले त्याची यादी करा : प्रवास, समारंभ, नोकरीतली बढती, मुलीच्या शाळेतली पालकसभा, जे असेल ते. सुधारणा मोजायची ती या यादीवरून. आज धडधड किती झाली हे मोजत बसलात तर चांगला दिवसही वाईट वाटेल; या आठवड्यात यादीतले काय परत मिळवले हे मोजलेत तर धडधडीच्या दिवशीही पुढे गेल्याचे दिसेल. भीती पूर्ण गेल्यावर मग बाहेर पडू, असे ठरवून अनेकांनी कित्येक वर्षे घरात काढली आहेत. क्रम उलटा आहे : आधी बाहेर पडायचे, थोडेसेच, कोणाच्या तरी सोबतीने, भीतीसकट, ती कमी होते ती त्यानंतर. यादीतली सर्वांत सोपी गोष्ट निवडा, तिच्यासमोर येत्या आठवड्यातला वार आणि वेळ लिहा, आणि मग पहिले प्रकरण उघडा.